सेकंड हँड डस्टर ऑल-व्हील-ड्राइव्ह : आधी गाडीखाली जा, मग गाडीत बसा

रेनो डस्टर भारतात जुलै 2012 मध्ये आली आणि चारही चाकांना ताकद देणारी तिची आवृत्ती सप्टेंबर 2014 मध्ये. 1.5 लिटरचं डिझेल इंजिन, 110 पीएस ताकद, सहा गिअर, 210 मिलिमीटर ग्राउंड क्लिअरन्स. एप्रिल 2020 मध्ये बीएस-6 लागू झालं, डिझेल इंजिन बंद झालं आणि ही आवृत्तीही त्याच्याबरोबर गेली. त्यामुळे बाजारात जी मिळेल ती सेकंड हँडच, आणि सगळ्यात नवी म्हटली तरी 2019-20 ची.

गाडी चांगली आहे, हे आधीच स्पष्ट सांगतो. पावसाळ्यात घाटातला निसरडा उतार, शेतातली चिखलाची वाट, खड्ड्यांतून जाणारा शंभर किलोमीटरचा रस्ता, या तिन्ही ठिकाणी ही डस्टर इतकी आरामात चालते की या पैशात दुसरा पर्याय सुचवणं अवघड जातं. पण ती लो-रेंजवाली, म्हणजे अवघड चढासाठी वेगळे संथ आणि जास्त जोराचे गिअर असलेली, गाडी नाही. दगडधोंड्यांवरून चढायचं असेल तर थार किंवा गुरखा बघा. आणि आणखी एक गोष्ट : साध्या डस्टरपेक्षा जे जास्तीचे पैसे तुम्ही मोजता, ते सगळे गाडीच्या मागच्या अर्ध्या भागासाठी असतात. तो भाग नीट चालत नसेल तर तुम्ही फक्त डिकीवरच्या बॅजचे पैसे दिले. तरीही बहुतेक लोक रंग, सीट, म्युझिक सिस्टिम बघतात, रस्त्यावर दोन किलोमीटर चालवतात आणि टोकन देऊन मोकळे होतात. सरळ कोरड्या रस्त्यावर या गाडीची मागची चाकं निकामी असली तरी ड्रायव्हरला काहीही कळत नाही.

म्हणून सुरुवात ओळखीपासून. आरसीवर मॉडेलचं पूर्ण नाव वाचा, त्यात एडब्ल्यूडी, म्हणजे ऑल-व्हील-ड्राइव्ह, असायला हवं. गिअरच्या पुढे तीन खुणांचा गोल नॉब असतो : टू-व्हील, ऑटो, लॉक. गाडीखाली वाकून बघा. पुढून मागे जाणारा प्रोपेलर शाफ्ट, मागे डिफरेन्शियल (ताकद दोन्ही चाकांत वाटणारी गिअरची पेटी) आणि त्यातून दोन्ही चाकांकडे गेलेले अ‍ॅक्सल दिसले पाहिजेत. साध्या डस्टरला मागे आडवा टॉर्शन बीम आहे, हिला स्वतंत्र मल्टिलिंक सस्पेन्शन. साध्या गाडीत स्टेपनी बाहेरून खाली टांगलेली असते. इथे ती जागा डिफरेन्शियलने घेतली आहे, म्हणून स्टेपनी डिकीच्या फळीखाली आली आणि डिकी 475 वरून 410 लिटरवर आली. डिकीची फळी उचला. स्टेपनीच्या खड्ड्यात पाणी, गंज किंवा सुरकुतलेला पत्रा दिसला तर गाडीला मागून मार बसलेला असू शकतो.

आता यंत्रणा कशी चालते ते थोडं समजून घेऊ, कारण पुढच्या सगळ्या तपासण्या त्यावर उभ्या आहेत. पुढची चाकं नेहमीच ताकद घेतात. गिअरबॉक्सला जोडलेल्या ट्रान्सफर युनिटमधून प्रोपेलर शाफ्ट मागे जातो आणि मागच्या डिफरेन्शियलच्या तोंडाशी एक विद्युत-चुंबकीय क्लच आहे. नॉब टू-व्हीलवर असेल तर हा क्लच सुटलेला असतो, ऑटोवर तो गरजेप्रमाणे आवळतो, लॉकवर आवळून धरतो. वेग वाढला की लॉक आपोआप ऑटोवर येतो. मेख अशी की प्रोपेलर शाफ्ट टू-व्हीलमध्येही फिरतच असतो. त्यामुळे विकणारा गाडी रॅम्पवर चढवून म्हणाला, ‘बघा, शाफ्ट फिरतोय, फोर-व्हील चालू आहे’, तर त्याने काहीच सिद्ध झालं नाही. शाफ्टच्या मागच्या टोकाचा क्लच चालतो का, मुद्दा तेवढाच आहे.

तो क्लच कशाने मरतो? बहुतेक वेळा टायरने. गाडीचा टायर 215/65 आर 16 आहे. नवा टायर साधारण 8 मिलिमीटर नक्षीचा धरला आणि दुसरा झिजून 3 मिलिमीटरवर आला असेल, तर व्यासात 10 मिलिमीटरचा फरक पडतो. हिशेब केला तर झिजलेला टायर दर किलोमीटरला सुमारे 7 फेरे जास्त फिरतो. मागे दोन नवे आणि पुढे दोन जुने टायर टाकले की हा फरक पूर्ण वेळ त्या क्लचच्या प्लेटांना सोसावा लागतो. प्लेटा घासतात, तापतात, तापल्या की कंट्रोल युनिट मागची ताकद कापतं. डॅशबोर्डवरचे टू-व्हील आणि लॉकचे दिवे चालत्या गाडीत लुकलुकत राहिले, तर क्लच तापलाय किंवा पुढच्या-मागच्या चाकांच्या घेरात फरक आहे असं समजा.

म्हणून गाडी बघायला जाताना खिशात नक्षीची खोली मोजायचं गेज ठेवा. चारही टायर एकाच कंपनीचे, एकाच नक्षीचे हवेत आणि त्यांच्या खोलीत 2 मिलिमीटरपेक्षा जास्त फरक नको. टायरच्या बाजूला डॉट क्रमांकाच्या शेवटी चार आकडे असतात : 2319 म्हणजे 2019 सालचा 23 वा आठवडा. चारही टायरांवर चार वेगळी सालं दिसली तर गाडी अशीच वर्षानुवर्षं चालली असेल. हवा मोजायलाही विसरू नका, एका चाकात हवा कमी असली तरी घेर बदलतो. टायर विषम असलेली गाडी सोडूनच द्यावी असं नाही, पण मग क्लचच्या तपासणीत एकही पायरी गाळायची नाही आणि चार नव्या टायरांचे पैसे किमतीतून वजा करायचे.

गाडी थंड असताना पोचा. आदल्या दिवशीच सांगून ठेवा की आम्ही येईपर्यंत गाडी चालू करू नका. बॉनेटला हात लावून बघा, गरम लागला तर तासभर थांबा किंवा दुसऱ्या दिवशी या. थंड इंजिनात पहिल्या स्टार्टला काय होतं, हे विकणाऱ्यापेक्षा तुम्हाला जास्त कळायला हवं.

चावी फिरवून इंजिन चालू न करता डॅशबोर्ड बघा. एबीएस, ईएसपी (गाडी घसरताना सावरणारी यंत्रणा), इंजिन, एअरबॅग हे सगळे दिवे आधी लागून मग विझले पाहिजेत. एखादा दिवा लागतच नसेल तर तो मुद्दाम बंद केलेला असू शकतो. एबीएसचा दिवा इथे दुहेरी महत्त्वाचा आहे : चाक घसरतंय हे यंत्रणेला कळतं ते एबीएसच्या सेन्सरांवरूनच. एका चाकाचा सेन्सर किंवा त्याची वायर तुटली की ब्रेकचं जे व्हायचं ते होतंच, शिवाय मागची चाकंही गप्प बसतात. उंदरांनी वायर कुरतडणं आणि चाकाचं बेअरिंग बदलताना सेन्सरला धक्का लागणं, ही त्याची दोन नेहमीची कारणं.

मग गाडी रॅम्पवर घ्या. हे पार्किंगमध्ये गुडघ्यावर बसून होत नाही, मोबाइलच्या टॉर्चने तर मुळीच नाही. जवळच्या गॅरेजला अर्ध्या तासाचे पैसे द्या. विकणाऱ्याने गाडी वर घ्यायला नकार दिला तर तिथेच विषय संपवा.

पुढचे दोन आणि मागचे दोन मिळून चार अ‍ॅक्सल, प्रत्येकाला दोन, म्हणजे आठ रबर बूट, सांध्यांवरची रबरी आवरणं, आहेत. प्रत्येक बूट बोटाने फाकवून बघा. वरून ठीक दिसणारा बूट घडीत चिरलेला असतो, आणि आतलं ग्रीस बाहेर उडून जवळच्या आर्मवर काळ्या ठिपक्यांच्या पट्टीसारखं चिकटलेलं दिसतं. बूट फाटला की चिखलाचं पाणी जॉइंटमध्ये जातं आणि महिन्या-दोन महिन्यांत वळताना ‘कट्-कट्’ आवाज सुरू होतो. पुढचे बूट कोणीही बदलून ठेवतं, मागच्या चारांकडे मात्र कोणी बघत नाही.

प्रोपेलर शाफ्ट हाताने धरून फिरवा आणि वर-खाली हलवा. मधल्या सेंटर बेअरिंगचं रबर सुटलं असेल तर शाफ्ट लोंबतो आणि चालत्या गाडीत सीटखालून गुरगुर येते. क्रॉसमध्ये, म्हणजे शाफ्टच्या सांध्यात, गॅप असेल तर गिअर टाकून क्लच सोडताना खाली ‘टक’ असा एक ठोका बसतो. शाफ्टवर दगडाचा पोचा पडलेला असेल तर तोही बघा, पोचलेला शाफ्ट एका ठराविक वेगाला थरथरतो.

मागच्या डिफरेन्शियलजवळ थोडा जास्त वेळ द्या. सीलजवळ ओल आहे का? धूळ चिकटून काळपट थर झाला असेल तर ऑइल हळूहळू गळतंय. मेकॅनिकला भरायचा बोल्ट उघडायला सांगा आणि आतलं ऑइल बोटावर घ्या. मधासारखं किंवा तपकिरी असेल तर ठीक. दुधाळ असेल तर आत पाणी गेलंय. बोटांवर चोळल्यावर चमकी लागली तर गिअरचे दात झिजताहेत. पाणी कसं जातं? डिफरेन्शियल चालून गरम झालेलं असतं आणि गाडी ओढ्यात उतरते. केसिंग एकदम थंड होतं, आतली हवा आकसते, आणि केसिंगची श्वासनळी, म्हणजे हवा आत-बाहेर जायची नळी, चिखलाने बुजलेली असेल तर सीलच्या फटीतून पाणी आत ओढलं जातं. इथेच क्लचच्या वायरचा कनेक्टर आहे. तो काढून बघा, पिना हिरव्या पडल्या असतील तर नॉब कितीही फिरवा, क्लचपर्यंत करंट पोचणार नाही. सुदैवाने हा दोष स्वस्तात सुटतो. म्हणून विकणारा ‘फोर-व्हील बंद आहे, फार खर्च आहे’ म्हणत भाव पाडत असेल, तर आधी हा कनेक्टर बघा.

खाली असतानाच ब्रेकच्या पाइपांवर, सबफ्रेमच्या बोल्टांवर, सायलेन्सरच्या टांगण्यांवर नजर टाका. नवा काळा रबर कोटिंगचा थर सगळीकडे सारखा फासलेला असेल तर नखाने खरवडा. अलिबाग, दापोली, मालवण किंवा गोव्याकडे वाळूत फिरलेल्या गाडीच्या बोल्टांचे कोपरे गंजाने गोल झालेले असतात. समुद्राचं मीठ बॉक्स सेक्शनच्या, म्हणजे बॉडीच्या पोकळ पट्ट्यांच्या, आत बसतं, वरून धुऊन जात नाही. पुढच्या बंपरखालचं संरक्षक कव्हर आणि इंजिनखालची प्लेट जागेवर आहे का तेही बघा, दगडावर बसलेल्या गाडीची प्लेट बहुधा गायब असते.

पुरात बुडालेली गाडी हा वेगळा धोका. ऑगस्ट 2019 ला कोल्हापूर-सांगलीत आणि जुलै 2021 ला चिपळूण-महाडला जे पाणी आलं, त्यात असंख्य गाड्या बुडाल्या, आणि त्यातल्या दुरुस्त झालेल्या गाड्या दूरच्या शहरांत विकल्या जाऊ शकतात. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढा, नेहमी गुंडाळून राहणाऱ्या भागावर गढूळ पाण्याची रेघ असते. सीटच्या रुळांवर आतून गंज, कार्पेटखालचा फोम ओलसर, फ्यूजबॉक्सच्या कोपऱ्यात बारीक गाळ, यातलं एक जरी दिसलं तरी ती गाडी घेऊ नका. इतक्या इलेक्ट्रॉनिक कंट्रोलची गाडी बुडाल्यावर पूर्ण बरी होत नाही.

आता खरी परीक्षा. मोकळं मुरमाड मैदान शोधा, डांबरी रस्ता नको. नॉब टू-व्हीलवर ठेवा, स्टिअरिंग पूर्ण वळवा आणि पहिल्या गिअरमध्ये अ‍ॅक्सिलरेटर न देता गोल फिरा. गाडी सहज फिरेल. थांबा, नॉब लॉकवर न्या, तसाच गोल घ्या. आता गाडी अडखळल्यासारखी, कोणीतरी मागून धरल्यासारखी वाटली पाहिजे, आणि चाकाखालचा मुरूम थोडा खरडला जाईल. वळताना पुढची चाकं मोठ्या गोलात आणि मागची लहान गोलात फिरतात. क्लच आवळलेला असल्यामुळे तो फरक निघायला जागा नसते, म्हणून गाडी पिळते. ही पीळ जाणवणं ही चांगली खूण आहे. दोन्ही वेळा गाडी सारखीच सैल फिरली तर क्लच आवळत नाही. नॉब फिरवल्यावर दिवा लागला यावर समाधान मानू नका, त्याचा अर्थ फक्त आदेश पोचला असा. हीच चाचणी कोरड्या डांबरावर केली तर पिळाचा ताण अ‍ॅक्सल आणि ट्रान्सफर युनिटवर बसतो, तेव्हा तिथे करायचं नाही.

दुसरी चाचणी ऑटोची. खडीच्या चढावर गाडी उभी करा, मित्राला बाहेर सुरक्षित अंतरावर बाजूला उभं करा. टू-व्हीलवर निघताना पुढची चाकं खडी उडवतील. ऑटोवर त्याच जागेवरून निघताना पुढचं चाक क्षणभर घसरून लगेच मागून रेटा आला पाहिजे. मित्राला मागच्या चाकाकडे बघायला सांगा. पुढची चाकं दोन-तीन सेकंद फिरत राहिली आणि मग मागून धक्का बसून गाडी निघाली, तर क्लच घसरतोय. जमलं तर कंपनीचा क्लिप स्कॅनर असलेल्या गॅरेजमध्ये फोर-व्हील युनिटचे एरर कोड वाचून घ्या. बाजारातले साधे ब्लूटूथ ओबीडी स्कॅनर बहुधा इंजिनापुरतंच सांगतात, आणि ‘नो फॉल्ट’ दाखवून फसवतात.

इंजिनाबद्दल एकच मोठी गोष्ट : टायमिंग बेल्ट. हे इंजिन चेनचं नाही. बेल्ट तुटला तर व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटतात आणि हेड उघडावं लागतं. वॉटर पंपही त्याच बेल्टवर फिरतो, म्हणून बेल्ट, टेन्शनर आणि पंप एकदमच बदलायचे. 80,000 ते 1,00,000 किलोमीटरच्या दरम्यान हे काम झालेलं असावं, आणि किलोमीटर कमी असले तरी सात-आठ वर्षांचं रबर विश्वासाचं नाही. ‘बदललाय’ हा शब्द चालत नाही, तारीख, किलोमीटर आणि पार्टची नावं असलेलं बिल हवं. बिल नसेल तर बेल्ट बदललेलाच नाही असं धरून भाव करा आणि गाडी घेतल्यावर पहिलं काम तेच करा.

स्टार्ट केल्यावर निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय. इंजिन गरम झाल्यावर ऑइलचं झाकण उघडा, जोराची वाफ फसफसत असेल तर पिस्टन रिंगा थकल्या आहेत. टर्बोच्या पाइपांवर ऑइलची पुसट ओल चालते, ठिबक चालत नाही. चढावर काळा धूर आणि पिक-अप बसलेला, यामागे बऱ्याचदा काजळीने भरलेला ईजीआर (थोडा धूर परत इंजिनात सोडणारा व्हॉल्व्ह) किंवा टर्बोची फाटलेली नळी असते. दोन्ही सुटणारी कामं आहेत.

गाडीचा मुख्य क्लच मात्र नीट बघा. 1,800 आरपीएमच्या खाली या इंजिनात जोर नाही, त्यामुळे घाटात आणि ट्रॅफिकमध्ये लोक हाफ क्लचवर गाडी खेळवतात. ऑल-व्हील-ड्राइव्हला पहिला गिअर मुद्दाम आखूड दिलाय तो यासाठीच, पण तो न वापरता दुसऱ्यात चढाव घेणारे कमी नाहीत. मोकळ्या रस्त्यावर चौथ्या गिअरमध्ये 40 च्या वेगावरून पूर्ण अ‍ॅक्सिलरेटर द्या. आरपीएम वर पळाला आणि वेग मागे राहिला तर प्लेट संपली. पेडल जड असेल आणि सोडताना थरथर असेल तर फ्लायव्हीलही बघावं लागेल, आणि तिथे बिल पार बदलतं.

एसी दहा मिनिटं पूर्ण थंडीवर चालवा. डॅशबोर्डच्या आतली कूलिंग कॉइल गळणं ही डस्टरची जुनी तक्रार आहे. ‘फक्त गॅस भरायचाय’ असं ऐकलं की सावध व्हा. कॉइलचा खर्च कमी, पण ती काढायला अख्खा डॅशबोर्ड उतरवावा लागतो आणि नंतर तो कायमचा किरकिरायला लागू शकतो. स्पीडब्रेकरवर पुढून येणारी खडखड बहुतेक लिंक रॉड किंवा आर्मच्या बुशांची असते, स्वस्तातलं काम. तोच आवाज स्टिअरिंगच्या हातात जाणवला तर रॅक तपासा.

कागदपत्रांकडे येऊ. खाजगी गाडीची नोंदणी 15 वर्षांची, म्हणजे 2015 ची गाडी 2030 पर्यंत. त्यानंतर पुनर्नोंदणी आणि महाराष्ट्रात पर्यावरण कर. उरलेली वर्षं मोजून भाव करा. दिल्लीत 10 वर्षांच्या डिझेल गाड्यांवर निर्बंध आले तेव्हा तिकडच्या गाड्या स्वस्तात इकडे आल्या. गाडी चांगली असूही शकते, पण मूळ आरटीओची एनओसी, म्हणजे फॉर्म 28, हातात असल्याशिवाय पैसे द्यायचे नाहीत. इथला कर आणि नवा नंबर यांचा खर्च धरला की ती स्वस्ताई बरीच आटते. कर्जावर घेतलेली गाडी असेल तर आरसीवरचा बोजा उतरवायला फॉर्म 35 आणि बँकेचं पत्र. हस्तांतरणाला फॉर्म 29 आणि 30. थकलेली ई-चलानं मालकासमोर काढून भरून घ्या. चॅसिस नंबर स्वतः वाचून आरसीशी जुळवा, आणि त्याच नंबरवर अधिकृत वर्कशॉपमधून सर्व्हिसचा इतिहास काढा. मीटर मागे फिरवला असेल तर तिथे कळतं : 2018 ला 92,000 आणि आज 78,000 असे आकडे एकाच गाडीचे असू शकत नाहीत. विमा 14 दिवसांच्या आत आपल्या नावावर करायला अर्ज करा.

पार्टबद्दल एक अडचण लक्षात असू द्या. पुढचा भाग, इंजिन, ब्रेक यांचे पार्ट साध्या डस्टरशी जुळतात आणि सहज मिळतात. मागचा क्लच, प्रोपेलर शाफ्ट, मागचे अ‍ॅक्सल आणि आर्म फक्त याच आवृत्तीचे. निसान टेरानो ही डस्टरचीच बहीण, पण तिला भारतात ऑल-व्हील-ड्राइव्ह कधी मिळालंच नाही, त्यामुळे तिच्या भंगारातूनही हे पार्ट निघत नाहीत. मागे काही बिघडलं तर आठवडे थांबावं लागू शकतं. घरात दुसरी गाडी नसेल आणि रोजचं काम हिच्यावर असेल, तर साधी 110 ची डस्टर घेणं जास्त शहाणपणाचं.

दोन गाड्यांत निवड करायची वेळ आली तर असं करा. एक कमी चाललेली, चकचकीत, पण टायर विषम आणि बेल्टचं बिल नाही. दुसरी 1,20,000 चाललेली, दरवाज्यावर ओरखडे, पण चार सारखे टायर, फाइलमध्ये बिलं, डिफरेन्शियलचं ऑइल स्वच्छ आणि मुरमावर लॉकमध्ये घट्ट पिळणारी. दुसरी घ्या, आणि घरी आणल्या आठवड्यात डिफरेन्शियल आणि ट्रान्सफर युनिटचं ऑइल बदला. पुढे दर 10,000 किलोमीटरला टायर पुढचे मागे, मागचे पुढे करा, म्हणजे चारही सारखे झिजतील. आणि महिन्यातून एकदा कच्च्या वाटेवर थोडं अंतर लॉकमध्ये चालवा. सुटलेल्याच अवस्थेत वर्षभर पडून राहिलेला क्लच पहिल्या पावसात चिकटलेला सापडू शकतो.